थांबणें कोणासाठीं?

मनुष्यानें वेगाचें स्तवन पुष्कळ केलें आहे. थांबण्याचें स्तवन कोणीं केल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. घोड्याच्या दौडीवर पोवाडे झाले, आगगाडीवर कविता झाल्या, विमानावर तर ग्रंथ झाले. लगाम, अटकाव, ब्रेक या शब्दांभोंवतीं मात्र एक प्रकारची शाळकरी नीति चिकटून राहिली आहे. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत बुद्धि हा सारथी आणि मन हा लगाम, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु तो लगाम कशाचा केलेला असावा, कोणत्या दुकानांतून घ्यावा आणि त्याला दाम किती मोजावा, हा प्रश्न तेथें निघत नाहीं. आमच्यापुढें तो गेल्या मार्गशीर्षांत अगदीं शब्दशः येऊन उभा राहिला, आणि आमची समजूत होती त्याहून पुष्कळच अवघड ठरला.

सारंगखेड्याची यात्रा ही आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील मोठी यात्रा. तापीच्या कांठीं दत्तजयंतीच्या सुमारास तेथें घोड्यांचा बाजार भरतो आणि दूरदूरचे व्यापारी येतात. आमचा एक जुना विद्यार्थी, आतां स्वतः चांगला मिळवता झालेला, आम्हांस आपल्या नव्या गाडींतून तेथें घेऊन गेला. 'नव्या' म्हणजे त्याला नवी. एरवीं ती कोणीं तरी चार वर्षें वापरलेली होती. अंगानें लहान, बांध्यानें बसकी, परंतु इंजिनावर टर्बो बसविलेला. तरुणाच्या डोळ्यांत जें जें चमकावें तें सर्व तिच्यांत होतें. वाटेंत प्रत्येक वळणापाशीं पुढच्या चाकांतून एक बारीक किंकाळी येऊं लागली. "सर, पॅड संपले," तो म्हणाला. ब्रेक पॅडाला धातूची एक पातळ पट्टी बसविलेली असते. पॅड झिजून संपत आला कीं ती फिरत्या तबकडीला लागते आणि ओरडते. आपला अंत जवळ आल्याचें इतक्या प्रामाणिकपणें सांगणारी वस्तु बाजारांत दुसरी क्वचितच असेल.

यात्रेंत एका गोष्टीनें आमचें लक्ष वेधलें. घोडा पाहावयास आलेला एक वृद्ध गृहस्थ घोड्याची चाल पाहत नव्हताच. तो स्वाराला सांगे, भरधाव ये आणि माझ्यापाशीं थांबीव. थांबतांना घोड्याची मान कशी वळते, तोंड उघडतें कीं नाहीं, स्वाराला किती ओढावें लागतें, एवढेंच तो पाही. दोन घोडे त्यानें अशा रीतीनें नापसंत केले. पळत तर दोन्ही सुरेख होते.

दुसऱ्या दिवशीं नंदुरबारांत आम्ही त्या विद्यार्थ्याबरोबर मोटारींच्या सुट्या भागांच्या एका दुकानांत गेलों. दुकानदारानें दोन खोकीं पुढें मांडलीं. एक 'चालू' मालाचें, किंमत हजार रुपयांच्या आंत. दुसरें गाडी करणाऱ्या कंपनीच्या छापाचें, किंमत त्याच्या तिप्पट. तिसरा प्रकार शर्यतीच्या गाड्यांना लावतात त्या जातीचा, परदेशांतून मागवावा लागणारा. त्याचें नुसतें चित्र त्यानें फोनवर दाखविलें, आणि किंमत ऐकून आम्हीं चष्मा पुसला. विद्यार्थ्याचें मन तिसऱ्यावर होतें आणि खिसा पहिल्यावर. "तुम्ही नीतिशास्त्र शिकवतां ना सर, मग सांगा कोणता घेऊं," असें म्हणून तो हंसला. ती थट्टाच होती. परंतु उत्तर देण्यास आम्हीं एक दिवसाची मुदत मागितली.

ब्रेक गति नाहींशी करतो असें आपण म्हणतों. वास्तविक गति नाहींशी होत नाहीं, तिची उष्णता होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोहों बाजूंनीं दोन पॅड दाबतात, आणि घर्षणानें उत्पन्न झालेली उष्णता त्या तबकडीनें व वाऱ्यानें वाहून न्यावयाची असते. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारें ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट होते, हें शाळेंतलें गणित. परंतु तीच गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हां, वेग यत्किंचितही न वाढवितां, तिला सुमारें १४ लाख ७० हजार ज्यूल कोठें तरी टाकून द्यावे लागतात. म्हणजे शंभराच्या वेगांतून अडीच वेळां पूर्ण थांबण्याइतकें काम. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच आहे. सातपायरीच्या घाटानें उतरणाऱ्यानें खालचा गियर टाकून त्यांतला वांटा इंजिनाकडे सोंपविला नाहीं, तर तो सगळा भार मुख्यतः पुढच्या दोन चाकांतील तळहाताएवढ्या चार पॅडांवर पडतो. मग जळका वास येतो. पॅड गुळगुळीत होऊन पकड सोडूं लागतो. आणि ब्रेक ऑइल जुनें असेल तर तेंही उकळून पेडल पायाखालीं बुडतें. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीचें कोरें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पावसाळ्यांत घाट चढउतार करणाऱ्यांपैकीं हें किती जणांच्या ध्यानांत असतें कोण जाणे.

हा उपद्व्याप मनुष्याला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. इंग्लंडांत डर्बिशायरच्या डोंगराळ भागांत मालाच्या गाड्या उतारावर आवरण्यासाठीं गाडीवान चाकाला जुन्या बुटांचे तुकडे लावीत. तें पाहून हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें १८९७ सालीं घर्षणाचे ठोकळे करण्याचा उद्योग आरंभिला, आणि स्वतःच्या नांवाचीं अक्षरें फिरवून व पत्नीच्या नांवाचें एक अक्षर त्यांत मिसळून 'फेरोडो' ही मुद्रा बनविली. पुढें दीर्घ काळपर्यंत या ठोकळ्यांत अस्बेस्टॉस घालीत. तापून तें जळत नसे हा त्याचा गुण; आणि त्याची धूळ मिस्त्रींच्या फुप्फुसांत जाऊन बसे, हा त्याचा दोष लोकांच्या पदरीं फार उशिरां पडला. मालकाची गाडी थांबत होती. किंमत दुसराच कोणी श्वासाश्वासानें देत होता. ही गोष्ट येथें ओघानें आली, परंतु तिच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

आतां पॅड म्हणजे निवळ लोखंड नव्हे. कांहीं राळ, रबर आणि तंतु यांच्या मिश्रणाचे असतात. ते मऊ, नि:शब्द आणि स्वस्त, पण लवकर तापून हात टेकणारे. कांहींत लोखंडाची व पोलादाची भुकटी बरीच असते. ते उष्णता सोसतात, मात्र कुरकुरतात आणि तबकडी खातात. सिरॅमिक म्हणतात ते धूळ कमी करतात, आवाज कमी करतात, आणि किंमत अधिक सांगतात. शर्यतीच्या पॅडाची गोष्ट याहून वेगळी. तो तापल्याशिवाय नीट धरीतच नाहीं. शर्यतींत प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला जातो, पॅड सदैव तापलेला असतो, आणि त्या अवस्थेंत तो जें करून दाखवितो तें साध्या पॅडाच्यानें कदापि होणार नाहीं. तोच पॅड माघाच्या पहांटे आमच्या गल्लींत, पहिल्या वळणावर, थंड असतांना, साध्या पॅडाहूनही मागें राहण्याचा संभव असतो.

अमेरिकेंतील पद्धतीप्रमाणें अनेक पॅडांच्या कडेवर दोन अक्षरें छापलेलीं असतात. पहिलें अक्षर सामान्य तापमानाच्या घर्षणाचें, दुसरें फार तापल्यावरच्या घर्षणाचें. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही युक्ति आम्हांस फार आवडली. मनुष्याच्या कपाळावरही अशीं दोन अक्षरें असतीं तर विवाह जुळविणाऱ्यांची व नोकर ठेवणाऱ्यांची किती सोय झाली असती! परंतु त्यांत एक खोंच आहे. यांतील 'सामान्य' तापमान सुद्धां सुमारें ९३ अंशांपासून २०४ अंशांपर्यंतचें असतें. म्हणजे घरांतून निघून पहिल्याच कोपऱ्यावर सायकलवाला पोरगा आडवा आला, तर त्या क्षणींचा पॅड कसा वागेल हें त्या दोहोंपैकीं एकही अक्षर सांगत नाहीं. मनुष्याची परीक्षाही आपण बहुधा त्याच्या तापलेल्या क्षणींच घेतों. सभेंत, रणांत, संकटांत तो कसा वागला हें इतिहास लिहून ठेवतो. न तापलेल्या, अर्धवट झोंपेंतल्या, कोणी पाहत नसलेल्या घटकेस त्याची पकड कशी असते, याची नोंद बायकोखेरीज कोणापाशींही नसते.

येथवर आल्यावर 'साधा पॅड बरा, शर्यतीचा अहंकार नको' असा निकाल देऊन मोकळें व्हावें असें आम्हांस वाटलें होतें. पण आमचा जिल्हा तसा सोपा नाहीं. सकाळीं ज्या गाडीला नंदुरबारच्या बाजारपेठेंत, मिरचीच्या गाड्या, शेळ्या आणि शाळेचीं मुलें यांच्यामधून वाट काढावी लागते, तीच दुपारीं चांदसैलीच्या घाटानें धडगांवाकडे जाते, नाहीं तर धुळें-सुरत महामार्गावर कोंडाईबारी उतरते. अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी २०२५ सालीं चांदसैलीच्या घाटांत दरींत कोसळली, त्याचें दुःख अजून ताजें आहे. तिचें कारण काय, यांत आम्ही शिरत नाहीं. घाट कोणत्या जातीचा आहे एवढेंच सांगावयाचें. अशा जागीं हजार रुपयांच्या आंतला मऊ पॅड ही काटकसर नसून केवळ आशा असते. शिवाय गाडी जितकी जोरकस, तितकें तिच्या मालकाचें देणें अधिक. ऐंशींच्या वेगासाठीं केलेला पॅड दीडशेंच्या गाडीला लावणें म्हणजे मोठें कर्ज काढून लहान जामीन देणें होय. तेव्हां थंडही धरील आणि तापूनही सोडणार नाहीं असा पॅड हवा. आणि गाडी करणाऱ्यांनीं ती रचतांना याच दोन टोंकांमधला मध्य काढलेला असतो. ॲरिस्टॉटलनें सद्गुणाविषयीं जें सांगितलें, कीं मध्य हा प्रत्येकाच्या मानानें ठरतो, तेंच हे इंजिनियर दुसऱ्या भाषेंत करीत असतात. युरोपांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या ९० क्रमांकाच्या नियमांत बदली पॅडाचें वर्तन मूळ पॅडापासून शेंकडा १५ हून अधिक ढळूं नये, अशी अट आहे. अधिक जोरानें धरणाराही तेथें नापास होतो, हें विशेष.

पण यांत नीतीचा प्रश्न कोठें आहे? ही तर निव्वळ सोयीची निवड झाली, असें कोणी म्हणेल. प्रश्न पुढें आहे. आमच्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद असा होता: "ब्रेक चांगला असला म्हणजे जरा जोरानें चालवायला हरकत नाहीं." हें वाक्य इतकें निरुपद्रवी दिसतें कीं त्यांतील चोरी चटकन दिसत नाहीं. जर्मनींतील म्यूनिक शहरांत टॅक्सींवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला होता. कांहीं टॅक्सींना चाक न अडकूं देणारी ब्रेकची नवी योजना बसविली, कांहींना नाहीं. अपघातांच्या संख्येंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. कारण नवी योजना मिळालेले सारथी अधिक झपाट्यानें हांकूं लागले. आतां आमच्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडूं. बरा ब्रेक दर सेकंदास ८ मीटर वेग कमी करतो आणि सुमार ब्रेक ६ मीटर, असें धरा. आणि पाय ब्रेकवर पडण्यास दोहोंकडे एक सेकंद लागतो असें धरा. ताशीं ६० च्या वेगांत बरा ब्रेक सुमारें ३४ मीटरांत थांबवितो, सुमार ब्रेक ४० मीटरांत. सहा मीटर मिळाले. परंतु त्या मिळकतीच्या भरंवशावर वेग ८० केला, तर तोच बरा ब्रेक थांबण्यास ५३ मीटर घेतो. म्हणजे सुमार ब्रेकच्या भित्र्या मनुष्याहूनही तेरा मीटर पुढें. (रस्ता आणि टायर यांची पकड ही शेवटची मर्यादा असते, आणि ती कोणताही पॅड ओलांडूं शकत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें.)

ते सहा मीटर कोणाचे, हा आमचा प्रश्न आहे. पैसे विद्यार्थ्यानें दिले, पॅड विद्यार्थ्याचा; मग त्यानें विकत घेतलेलें अंतरही त्याचेंच, असें व्यवहार सांगेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकींवरचीं, आणि शेंकडा १९ हून अधिक पायीं चालणारीं. म्हणजे गाडीचा ब्रेक ज्यांच्यासाठीं लागतो तीं माणसें बहुतेक गाडीच्या बाहेरचीं असतात. तीं दुकानांत आलेलीं नसतात. कोणतें खोकें घ्यावें याविषयीं त्यांना कोणी विचारलेलें नसतें. मिलनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत ज्या रेषेपर्यंत मनुष्याला मोकळीक दिली, ती रेषा येथें गाडीच्या बंपरापाशीं संपते.

इंग्लंडच्या न्यायशास्त्रांत १९३२ सालचा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला सुप्रसिद्ध आहे. पेयाच्या बाटलींत गोगलगाय निघाली अशी फिर्याद होती. बाटली विकत घेतली मैत्रिणीनें, प्याली दुसरीच बाई. विकत न घेणाऱ्याशीं करार नाहीं, म्हणून देणें नाहीं, असा बचाव होता. तो उमरावांच्या सभेनें मान्य केला नाहीं. आपल्या हयगयीनें ज्याला इजा होईल हें आधीं दिसावयास पाहिजे तो आपला शेजारी, असें लॉर्ड ॲटकिन यांनीं ठरविलें. पॅडाच्या दुकानांतही असे अनेक शेजारी अदृश्य रूपानें उभे असतात. चांगल्या पॅडानें जे चार-सहा मीटर मिळतात ते त्यांची ठेव आहेत. गाडीवाला त्यांचा विश्वस्त. ती ठेव मोडून स्वतःच्या वेगावर खर्च करणें याला दिवाणी भाषेंत काय म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नको. आणि स्वस्त पॅड घेऊन वांचविलेला पैसा? तो कोणाचा, यासंबंधीं आमचा एक अनुभव आहे. तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

वीसएक वर्षांपूर्वीं आमच्यापाशीं एक साधी संसारी गाडी होती. पॅड झिजले तेव्हां आम्हीं सर्वांत स्वस्त होते ते घेतले. विकणाऱ्यानें आम्हांस फसविलें नाहीं. आम्हीं जें मागितलें तेंच त्यानें दिलें. पुढें कांहीं आठवड्यांनीं, पहांटेच्या धुक्यांत, आम्ही शहाद्याहून तळोद्याकडे चाललों होतों. डोक्यावर लांकडांची मोळी घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत असलेली दिसली. पाय दाबला. गाडी थांबली, परंतु मोळीच्या टोंकाला लागून थांबली. मोळी रस्त्यावर पडून सुटली. बाईला कांहीं झालें नाहीं. आम्ही दार उघडून उतरण्यापूर्वींच तिनें हात जोडले आणि 'चुकलें आपलें' असें म्हणून आमचीच क्षमा मागितली. आम्ही लांकडें गोळा करूं लागलों तेव्हां तिला अधिकच संकोच वाटला. तिनें तीं आमच्या हातांतून काढून घेतलीं.

पॅड चांगले असते तर दोन हात अलीकडे थांबलों असतों कीं नाहीं, हें आतां सिद्ध करतां यावयाचें नाहीं. धुकें होतें, आमचें लक्षही कदाचित् पूर्ण नव्हतें. परंतु घरीं येऊन आम्हीं हिशेबाची वही काढून पाहिली, कारण आम्ही अशा वह्या ठेवणारांपैकीं आहों. त्या खरेदींत चारशें रुपये वांचले होते. ते आम्हीं वांचविले, असें आम्ही तोंवर समजत होतों. वास्तविक ते आम्हीं त्या बाईकडून तिला न विचारतां घेतले होते, आणि तिनें वर आमची माफी मागितली होती. दुसऱ्याच दिवशीं पॅड बदलले, हें सांगण्यांत आमची कांहीं शोभा नाहीं. ती बाई त्या वाटेनें पुन्हां दिसली नाहीं, हें मात्र खरें.

विद्यार्थ्याला आम्हीं ही गोष्ट सांगितली नाहीं. त्याला एवढेंच म्हटलें कीं, तुला शर्यतीचा पॅड हवा असेल तर शर्यतीच्या जागीं जा. नर्मदेपलीकडे पिथमपूरला ११ किलोमीटरांहून लांब अशी वेगाची धांवपट्टी आहे, तेथें मोळीवाल्या बायका नसतात. तसल्या जागीं तो पॅड लाव, आणि घरीं येतांना काढून ये. तो थोडा हिरमुसला. मग त्यानें मधलें खोकें घेतलें, आणि आमच्या आग्रहावरून ब्रेक ऑइलही बदलण्यास सांगितलें. खोक्यावरचा छाप अस्सल कीं नक्कल हें त्यानें बराच वेळ उजेडांत धरून पाहिलें, याचा मात्र आम्हांस खरा आनंद झाला. कारण वाईट पॅड लावणाऱ्याला निदान आपला पॅड वाईट आहे हें ठाऊक असतें, नकली लावणारा तेवढ्याही शहाणपणाला मुकतो.

मिस्त्रीनें चाकें काढलीं, तबकड्या पुसल्या, नवे पॅड बसविले. हा मध्यम वयाचा, कमी बोलणारा गृहस्थ. काम झाल्यावर त्यानें सांगितलें, "तीनशें किलोमीटरपर्यंत जोराचा ब्रेक मारूं नका. पॅड अजून तबकडीला बसलेले नाहींत."

"आणि मध्येंच कोणी आडवें आलें तर?" विद्यार्थ्यानें विचारलें.

मिस्त्री चिंधीला हात पुशीत होता. "तोंवर हळू चालवा, भाऊ," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे वळला.